ऐकल्याचा दाखला

गच्चीवरची ती तार कपड्यांची नाही
हे सोसायटीला पटवायला तीन वर्षं लागली.
आता एकट्या टिपणीसबाई, गोधड्या धुतल्या की,
नजर चुकवून तिच्यावर टाकतात;
त्या रात्री पश्चिम आफ्रिका जराशी ओली येते.

एकतीस मीटर. एक वाजून गेल्यावर.
कन्नमवार नगर झोपलं की माझ्या रेडिओत
आधी कन्नमवार नगरच जागं होतं:
खालच्या रेडकरांच्या फिश टँकचा पंप,
जिन्यातल्या एलईडीची बारीक शिट्टी,
समोरच्या टॉवरची लिफ्ट खरवडत वर जाते
आणि मला कळतं, चौदाव्या मजल्यावरचं कोणी
आजही दीडलाच घरी आलं.
कोण ते मी पाहिलेलं नाही.

या सगळ्यांच्या अंगावरून पलीकडे जायचं,
काटा केसभर सरकवत.
टेलिफोन एक्स्चेंजात एकोणतीस वर्षं
मी लोकांच्या लाइनींतली खरखर काढली.
आता त्याच खरखरीत बसते
सूप घेऊन बसावं तशी,
फक्त इथे सगळे खडेच, आणि शोधायचा
तो एखादा तांदूळ.

तसा तो सापडला, माघातल्या एका रात्री.
पुरुषाचा आवाज. भाषा कुठली, देव जाणे.
बातम्या नसाव्यात,
बातम्या सांगताना माणूस इतका थांबत नाही.
यादी वाचत असावा: बोटींच्या वेळा,
पाण्याची खोली,
किंवा गेलेल्यांची नावं.
मध्येच बुडायचा, मी श्वास धरायचे,
पुन्हा वर यायचा, दुसऱ्याच कुठल्या नावाशी.

वहीत लिहिलं:
ताकद दोन. गोंगाट फार. एकूण दोन.
एक बेचाळीसला निवेदक खोकला, दोनदा.
मग कागद उलटल्याचा आवाज.

जुन्या याद्या ताडून पाहिल्या.
दक्षिणेकडचं एक बेट असावं,
नकाशात माशी बसल्याएवढं.
पाकिटात परतीच्या टपालाचे पैसे घातले,
खोकला गाळावा का, यावर दोन दिवस घालवले.
शेवटी ठेवला.
ऐकल्याचा पुरावा द्यायचा तर दुसरं होतं काय माझ्याकडे?

उत्तर अकरा महिन्यांनी आलं,
तेही शेजारच्या बिल्डिंगीत, मीटरच्या पेटीवर,
कुणाच्या तरी लाइट बिलाखाली पडलेलं.
पुढे दीपगृहाचं चित्र. मागे शिक्का, तारीख,
टाइप केलेलं: कळवण्यात येते की
ते प्रसारण आमचेच.
आणि खाली वेगळ्या शाईत, इंग्रजीत, तिरकं:
खोकला माझा. आता बरा आहे.

हे कार्ड मी भावाला दाखवलं.
तो म्हणाला, बरंय, आणि कानात बोंडं घातली.
पलीकडच्याच खोलीत झोपतो तो.
माझ्या खोकल्याची नोंद
कोणत्या बेटावर असेल, कोण जाणे.

पुढल्या वर्षी तिथे बाईचा आवाज आला.
मग नुसतं संगीत. मग महिनाभर
आवाजाविना चालू ठेवलेली लहर,
दिवा लावून माणूस बाहेर गेल्यासारखी.
मग तीही नाही.
तरी एक बेचाळीसला मी तिथे जाऊन येते.

परवा डेपोमागची केबल जळाली.
सगळं नगर काळंठिक्कर,
लोक खाली येऊन वीज कंपनीचा उद्धार करत होते,
रेडकर बॅटरी तोंडात धरून
चहाच्या कपाने टँकमधलं पाणी
वरून ओतत होते, परत परत, मासे गुदमरू नयेत म्हणून.
मला खाली जायला हवं होतं.
पण रेडिओ सेलवर चालतो
आणि कान इतके धुतलेले
तीस वर्षांत मिळाले नव्हते.
चिलीचा कुणी पाद्री आला, खणखणीत.
कुठलासा बाजारभाव आला.
मग मी त्या जागी गेले.

वहीत लिहिलं:
एक बेचाळीस. कोणी नाही.
अगदी स्पष्ट.

पहाटे वीज आली तेव्हा
दिव्याच्या आधी कानात शिरला
रेडकरांचा पंप.
मासे वाचले म्हणायचे.